नाव ठेवणारे, नाव लिहिणारे

मूल जन्मले की पाचव्या रात्री सटवाई येते आणि त्याच्या कपाळावर त्याचे भविष्य लिहून जाते, असा आपल्याकडे समज आहे. तिच्यासाठी कोरा कागद आणि लेखणी ठेवण्याची रीत अजून अनेक घरांत पाळली जाते. बाराव्या दिवशी आत्या बाळाच्या कानात नाव सांगते आणि पाळणा हलतो. या दोघींच्या मागून आणखी एक जण येतो, पण त्याचा उल्लेख पाळण्याच्या कुठल्याही गाण्यात नसतो. जन्मनोंदीचे रजिस्टर पुढे ओढून ‘नाव सांगा’ म्हणणारा तो कारकून. सटवाईने लिहिलेले कोणाला वाचता येत नाही, आत्याने सांगितलेले कोणी लिहून ठेवत नाही. कारकुनाने लिहिलेले मात्र जन्मभर पुरते.

गेल्या काही वर्षांत या तिसऱ्या लेखणीचे वजन फार वाढले आहे. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात २०२३ साली दुरुस्ती झाली आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांसाठी जन्मदाखला हाच सर्व कागदांचा मूळ कागद ठरला. शाळाप्रवेश, आधार, मतदारयादी, वाहन परवाना, पारपत्र, सरकारी नोकरी, विवाहनोंदणी या सगळ्याच्या मुळाशी आता तो एक दाखला राहणार. त्यानंतर महाराष्ट्र सरकारने मार्च २०२४ मध्ये ठरवले की, १ मे २०२४ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या मुलाचे नाव सरकारी कागदांवर आधी त्याचे स्वतःचे, मग आईचे, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव, या क्रमाने लिहायचे. दोन्ही निर्णयांचे स्वागत झाले, आणि ते योग्यच होते. पण या निर्णयांचा शहापूर-मुरबाडच्या वाड्या-पाड्यांत नेमका काय अर्थ होतो, याचा विचार मात्र फारसा झाला नाही. तो करण्यापूर्वी थोडा लांबचा फेरा घेऊन जपानात जाऊन येऊ. नावाचा अर्थ आणि नावाचे लेखन या दोन गोष्टींची गाठ तिथल्याइतकी घट्ट क्वचितच कुठे असेल.

एक उच्चार, अनेक अर्थ

जपानी लिपीत चीनमधून आलेली चित्राक्षरे वापरतात, त्यांना ‘कांजी’ म्हणतात. आपल्या लिपीत अक्षर म्हणजे ध्वनी. कांजीत अक्षर म्हणजे अर्थ. त्यामुळे उच्चार एकच असला तरी तो वेगवेगळ्या अक्षरांनी लिहिता येतो आणि दर वेळी नावाचा अर्थ बदलतो. ‘हारुतो’ हे मुलाचे लोकप्रिय नाव घ्या. त्यातला ‘हारु’ वसंत ऋतूच्या अक्षराने लिहिता येतो, सूर्यप्रकाशाच्या अक्षराने लिहिता येतो किंवा निरभ्र आकाशाच्या. हाक मारताना फरक कळत नाही. कागदावर मात्र ती वेगवेगळी माणसे असतात. आईबाप उच्चार ठरवतात, मग त्यासाठी अक्षरे शोधतात. पुष्कळ घरांत अक्षरांचे फराटे मोजून ती संख्या शुभ की अशुभ हेही पाहतात. आपल्याकडचे नावरस अक्षर याच जातीचे. फक्त आपली अडचण वेगळी: आर्द्रा नक्षत्राच्या एका चरणाला ‘ङ’ येतो आणि हस्ताच्या एका चरणाला ‘ण’. त्या अक्षरांवरून नाव काढून दाखवणारा ज्योतिषी अजून जन्मायचा आहे.

जपानी सरकारने अक्षरांची यादीच ठरवून दिली आहे. नावांसाठीच्या खास अक्षरांची पहिली यादी १९५१ साली आली, तीत ९२ अक्षरे होती. आज नित्य वापरातली २१३६ आणि केवळ नावांसाठी मान्य झालेली ८६३, अशी मिळून २९९९ अक्षरे आईबापांना उपलब्ध आहेत. अर्थाबद्दलही कधी कधी सरकार हरकत घेते. १९९३ साली टोकियोजवळच्या आकिशिमा शहरात एका बापाने मुलाचे नाव ‘आकुमा’, म्हणजे सैतान, असे नोंदवले. दोन्ही अक्षरे यादीतलीच होती. कचेरीने आधी नोंद घेतली, मग नाकारली. प्रकरण न्यायालयात गेले आणि शेवटी मुलाला दुसरे नाव मिळाले.

गंमत अशी की, एवढ्या काटेकोर देशात कुटुंबनोंदीच्या वहीत नाव कसे लिहायचे ते होते, पण कसे वाचायचे ते नव्हते. ती उणीव अलीकडे भरून काढण्यात आली. २६ मे २०२५ पासून कायद्याने प्रत्येकाच्या नावाचा उच्चारही नोंदवायला सुरुवात झाली. नगरपालिकांनी नागरिकांना पत्रे पाठवली: आमच्या माहितीप्रमाणे आपल्या नावाचा उच्चार असा आहे; चूक असल्यास वर्षाच्या आत कळवावे.

आपली स्थिती नेमकी याच्या उलट आहे. आपल्या वाडीतल्या बाईचे नाव कसे उच्चारायचे हे साऱ्या वाडीला ठाऊक असते. पण तिच्या कोणत्याही दोन कागदांवर ते सारखे लिहिलेले नसते. आणि ‘आम्ही असे लिहिले आहे, बरोबर आहे का?’ असे पत्र तिला कोणी पाठवलेले नाही.

वाराची नावे, नवसाची नावे

शहापूर आणि मुरबाड हे ठाणे जिल्ह्याचे डोंगराळ तालुके. मुंबईला पाणी देणारी तानसा, भातसा, मोडकसागर ही धरणे शहापूर तालुक्यात. माळशेज आणि नाणेघाटाच्या पायथ्याचा मुलूख मुरबाडचा. कुणबी, आगरी, ठाकर, महादेव कोळी, कातकरी, वारली, बौद्ध अशी येथली वस्ती. येथल्या जुन्या पिढीतली नावे ऐकली की शहरी माणूस हसतो. सोमा, मंगळ्या, बुध्या, सुकऱ्या. सोमी, मंगळी, बुधी, सुकरी. ही वारांवरून पडलेली नावे. सणाच्या दिवशी झालेली मुलगी दिवाळी. धाकटा तो बारकू.

या नावांना अर्थ नाही असे म्हणण्याची चूक करू नये. ज्या घरात भिंतीवर दिनदर्शिका नव्हती, त्या घरात मुलाचे नाव हाच जन्माचा दाखला होता. बुधी बुधवारी जन्मली, एवढी तरी नोंद आईने तिच्या अंगावरच करून ठेवली. वारली चित्रकला जगभर नेणारे पद्मश्री जिव्या सोमा म्हसे यांच्या नावातही वडिलांचा हा सोमवार आहे.

दुसरी नावे भयाची. दगडू, धोंडू, केरू, भिकू. आधीची मुले दगावलेल्या घरात नंतरच्या मुलाला मुद्दाम हलके नाव ठेवीत, म्हणजे मृत्यूची नजर त्याच्यावरून घसरून जाईल. ही युक्ती फक्त आपली नाही. सोळाव्या शतकात जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याने आपल्या मुलाचे लाडके नाव ‘सुते’ ठेवले होते, म्हणजे टाकलेला. ते मूल १५९१ साली गेले. नंतर झालेल्या मुलाला त्याने नाव दिले ‘हिरोई’, म्हणजे उचलून आणलेला. सारा देश ज्याच्या मुठीत होता, त्याने मुलासाठी केलेली युक्ती आणि आपल्याकडच्या एखाद्या भिकूच्या आईने केलेली युक्ती यांत काडीचा फरक नाही.

तिसरी नावे नकाराची, आणि ती मुलींच्याच वाट्याला येतात. मुलीवर मुली झाल्या की शेवटचीचे नाव नकोशी किंवा नकुसा. जपानातही शंभर वर्षांपूर्वी ‘तोमे’ नावाच्या बायका होत्या. तोमे म्हणजे थांब, आता पुरे. सातारा जिल्ह्यात ऑक्टोबर २०११ मध्ये अशा २८५ मुलींचा नामकरण समारंभ झाला. कोणी देवीचे नाव घेतले, कोणी नटीचे. त्या दिवशी मुलींना नवे नाव नुसते मिळाले नाही, तर ते निवडता आले. हे महत्त्वाचे.

हाच धागा मागे नेला तर १९५६ सालाशी जाऊन पोहोचतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांबरोबर ज्यांनी धम्मदीक्षा घेतली, त्यांच्या घरांत पुढच्या पाळण्यांमध्ये गौतम, सिद्धार्थ, मिलिंद, सुजाता, यशोधरा, प्रज्ञा आले. एका पिढीत वस्तीची नावे पालटली. पण ती कोणी शिक्षकाने किंवा कारकुनाने ‘सुधारून’ दिली नव्हती. लोकांनी स्वतः विचारपूर्वक घेतली होती. नाव बदलणे वाईट नाही. ते कोण बदलतो, हा खरा प्रश्न आहे.

हाक आणि नोंद

याचे कारण आपल्याकडे नावाच्या अर्थाइतकेच नावाच्या शेपटाला महत्त्व होते. ‘जी’, ‘बा’, ‘राव’, ‘पंत’ ही शेपटे कोणाला लागायची आणि कोणाचे नाव ‘या’वर तोडायचे, याचे अलिखित नियम होते. मातब्बर घरातला गोमा कागदावर गोमाजी होई. वाडीवरचा सोमा मात्र सोम्या. सोमा हे आईने ठेवलेले नाव, सोम्या ही सावकाराची हाक. घरात लाडाने किंवा रागाने कोणीही कोणाला सोम्या म्हणतो. पण नोंद लिहिणाऱ्याने विचारले सावकाराला, पाटलाला, मुकादमाला, आणि त्यांची हाक तीच नोंद झाली. १९३० सालच्या चिरनेर जंगल सत्याग्रहात गोळी खाऊन पडलेल्या हुतात्म्यांत एक नाव आहे: नाग्या महादू कातकरी. देशासाठी प्राण दिला तरी तो नागोजी झाला नाही, आणि त्याचे आडनाव म्हणून जमातच लिहिली गेली.

पुढे शाळा आल्या. शाळेत नाव घालताना सुकरीची सुरेखा झाली, बुध्याचा बुधाजी झाला. शिक्षकाचा हेतू बहुधा चांगलाच होता. चारचौघांत मुलाला कोणी हसू नये एवढाच. पण त्या क्षणी त्या मुलाचा आधीच्या कागदांशी असलेला दोरा तुटला. आदिवासी जमातीच्या दाखल्याची पडताळणी करताना १९५० पूर्वीच्या नोंदी मागतात. आजोबाचे नाव एका कागदावर बुध्या, दुसऱ्यावर बुधाजी, तिसऱ्यावर बुधा असले, तर हे तिघे एकच असे सिद्ध करण्याची जबाबदारी नातवावर येते. २००६ च्या वनहक्क कायद्याखालचा दावा असो की सातबाऱ्यावरची वारसनोंद, अडते ते येथेच. आईने दिलेला अर्थ गेला आणि शिक्षकाने दिलेला अर्थही कामाला आला नाही.

त्यातच इंग्रजीची भर पडली. नाव आधी देवनागरीतून रोमन लिपीत जाते आणि मग यंत्राच्या मदतीने पुन्हा देवनागरीत येते. या प्रवासात ‘ळ’ हमखास गळतो. मंगळीची मंगली होते. मुरबाडची काळू नदी इंग्रजी अहवालांत ‘कालू’ वाचली जाते. नदीला बोलता येत नाही म्हणून निभावते. रोमन लिपीत ‘ठ’ आणि ‘थ’ एकच, म्हणून ठमी थमी होते. ‘ध’ आणि ‘ढ’ एकच, म्हणून बुधवारी जन्मलेली बुधी परतीच्या प्रवासात ‘बुढी’ होऊन येते, आणि वयाच्या पंचविसाव्या वर्षी तिला स्वतःच्या कार्डावर म्हातारी म्हणवून घ्यावे लागते. जपानी आईबाप अक्षर निवडून अर्थ बदलतात. आपल्याकडे अर्थ बदलतो तो संगणकाची कळ दाबल्यावर, आणि कोणी निवड केलेली नसते.

ज्याने बँकेच्या काउंटरमागे उमेदीची वर्षे काढली, त्याला या एका अक्षराची किंमत ठाऊक असते. खात्यावरचे नाव आणि ओळखपत्रावरचे नाव जुळले नाही की नियमाप्रमाणे पैसे थांबतात. समोरची बाई तीच आहे हे अधिकाऱ्याला दिसत असते. पण दिसणे हा पुरावा नव्हे. पूर्वी असा प्रसंग वर्षा-दोन वर्षांतून एकदा यायचा. २०२४ साली सुरू झालेल्या लाडकी बहीण योजनेचे पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात येऊ लागले, तेव्हापासून नावाचे अक्षर हा दरमहाचा प्रश्न झाला.

आईचे नाव

आता सुरुवातीच्या दोन निर्णयांकडे येऊ. मुलाच्या नावात आईचे नाव येणे ही या मुलखाला नवी गोष्ट नाही. मुरबाड तालुक्यातल्या वैशाखरे गावाकडून नाणेघाट चढून गेले की वर सातवाहनांचे लेणे लागते. तेथे भिंतीवर राणी नागनिकेचा मोठा शिलालेख आहे. एका भिंतीला राजघराण्यातल्या व्यक्तींचे पुतळे होते आणि प्रत्येकाच्या डोक्यावर त्याचे नाव कोरलेले होते. पुतळे केव्हाच नाहीसे झाले. दोन हजार वर्षांनंतर राहिली आहेत ती नावे. याच घराण्यातले पुढचे राजे स्वतःला गौतमीपुत्र आणि वासिष्ठीपुत्र म्हणवीत आणि नाण्यांवरही तसेच लिहीत. तेव्हा आईचे नाव लावणे हा या डोंगराचा जुनाच रिवाज आहे, असे अभिमानाने म्हणायला हरकत नाही.

पण राणीचे नाव दगडात एकदाच कोरले गेले. वीटभट्टीवर जाणाऱ्या सुकरीचे नाव पाच ठिकाणी पाच तऱ्हांनी लिहिले गेले आहे. दिवाळीनंतर शहापूर-मुरबाडच्या कितीतरी कातकरी कुटुंबांचा मुक्काम भिवंडी-कल्याणच्या बाजूच्या भट्ट्यांवर पडतो तो पावसापर्यंत. मूल तिकडेच झाले तर नोंद तिकडची. सुकरी आधारवर सुकरी, रेशनकार्डावर सुक्री, पासबुकात शुक्रीबाई असेल, तर १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या तिच्या मुलाच्या नावात यांपैकी कोणती आई जाणार? आजवर तिच्या नावातला गोंधळ तिच्यापुरता होता. आता तो मुलाला वारसा म्हणून मिळणार. आणि जन्मदाखला हाच मूळ कागद झाल्यामुळे तो गोंधळ पुढच्या प्रत्येक कागदावर उमटत जाणार. चांगला निर्णय चुकीच्या अक्षरांवर उभा राहिला, तर त्याचे ओझे ज्यांच्यासाठी तो घेतला त्यांच्याच डोक्यावर बसते.

यावर उपाय अवघड नाहीत, नव्या कायद्याचीही गरज नाही. कायद्यानुसार जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते, पण तिला नावाची घाई नसते. नावाशिवायही जन्म नोंदवता येतो. नाव नंतर घालता येते, बारा महिन्यांपर्यंत शुल्काविना आणि पुढे पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. तेव्हा दवाखान्यातून घरी जायच्या गडबडीत सुचेल ते नाव सांगण्याचे कारण नाही. बारसे होऊ द्यावे. आशाताई आणि अंगणवाडी सेविका प्रत्येक बाळंतिणीच्या घरी जातातच. त्यांनी आईचे आधार, पासबुक आणि रेशनकार्ड शेजारी शेजारी ठेवून नाव जुळते का एवढे पाहिले, आणि जुळत नसेल तर आधी आईचे नाव दुरुस्त करून घेतले, तर पुढच्या वीस वर्षांचे हेलपाटे वाचतील. ग्रामसेवकाने, आता त्याला ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, नाव आधी देवनागरीत लिहावे, मोठ्याने वाचून दाखवावे, आईने ‘हो’ म्हटल्यावरच इंग्रजी स्पेलिंगकडे वळावे. नोव्हेंबर २०२३ मध्ये आदिम जमातींसाठी केंद्राची जनमन योजना सुरू झाली, कातकरी त्यात येतात आणि कागदपत्रांसाठी शिबिरेही भरली. अशा शिबिरात किती कागद वाटले हे मोजतात. त्यांतली किती नावे एकमेकांशी जुळली, हेही मोजले पाहिजे. शहापूरला आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे. हे काम तेथून सुरू करता येईल.

आरवचा अर्थ

राहिला प्रश्न नव्या नावांचा. वाडीवरही आता फोन पोहोचला आहे आणि फोनमध्ये नावांच्या याद्या. मुंबईतल्या सदनिकेत आणि किन्हवलीच्या चाळीत एकाच वेळी आरव, रेयांश, मायरा जन्माला येत आहेत. यात नाक मुरडण्यासारखे काही नाही. सुकरीला आपल्या मुलीचे नाव मायरा ठेवावेसे वाटले, तर तो तिचा हक्क आहे; सिनेमा काही शहरवाल्यांच्या मालकीचा नाही. फक्त याद्यांतल्या अर्थांवर डोळे मिटून विश्वास ठेवू नये. ‘आरव’ म्हणजे शांत, असे त्या सांगतात. संस्कृतात आरव म्हणजे आवाज, गलका. रात्री दोन वाजता आरवच्या आईबापांना कोणता अर्थ खरा ते कळतेच. ‘रेयांश’मधला ‘अंश’ समजतो, पण ‘रेय’ कशाचा, हे यादी करणाऱ्यालाच विचारावे लागेल. मायराचा अर्थ संस्कृतात शोधणाऱ्यांनी तो शोध सोडून द्यावा.

तरी या नावांना अर्थ नाही असेही मी म्हणणार नाही. दगडूचा अर्थ ‘हे मूल जगावे’ असा होता. आरवचा अर्थ ‘या मुलाला कोणी हसू नये, ते कोणापेक्षा कमी दिसू नये’ असा आहे. दोन्ही अर्थ शब्दकोशात सापडणार नाहीत, कारण ते शब्दाचे नसून ठेवणाऱ्याचे आहेत. जपानी बापाला तीन हजार अक्षरांतून जे शोधायचे असते, तेच वाडीवरची आई वाराच्या नावात शोधत होती आणि तिची नात फोनवर शोधते आहे.

नाव ठेवण्याचे काम त्यांनी चोख केले आहे. लिहिण्याचे काम आपल्याकडे आहे: शिकलेल्यांकडे, टेबलामागे बसलेल्यांकडे, लेखणी हातात असलेल्यांकडे. पुढच्या वेळी रजिस्टरसमोर एखादी बाई हळू आवाजात ‘बुधी’ म्हणाली, तर तिला सुधारू नये. पुन्हा एकदा विचारावे, आणि ती सांगेल तसेच लिहावे.